समरचं कोपर

समर पांढरीपांडेचा उजवा हात देवाने घडवला होता आणि सर्जनांनी पुन्हा पुन्हा शिवला होता. आडनाव घेताना यॉर्कशायरवाल्यांची जीभ अडखळते, म्हणून मैदानावर तो नुसता सॅम. आठवडाभर लीड्समध्ये लोकांच्या घरी वायरिंग करायचं आणि रविवारी बेसबॉल खेळायचा, असं त्याचं आयुष्य. चांगलं क्रिकेट सोडून हे कसलं खूळ, म्हणून नातेवाइकांनी टोमणे मारून झाले. पण समर पिचर होता, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्या हातून सुटलेला चेंडू टप्पा न घेता सणसणत फलंदाजाच्या छातीसमोरून गेला, की टोमणे मारणारेही गप्प व्हायचे.

फक्त हात टिकत नव्हता. आधी खांदा निखळला, मग बोट मोडलं, आणि शेवटी भर मॅचमध्ये कोपराच्या आत काहीतरी कडाड् करून तुटलं. तो आवाज समर कधी विसरला नाही. ऑपरेशननंतर त्याच्या आईने, वैजयंतीबाईंनी, तो हात सांभाळला. बाई नागपूरहून नर्स म्हणून आलेल्या, हाडांच्या वॉर्डात केस पांढरे झालेले. रोज कामावरून आल्यावर त्या त्याचा हात मांडीवर घेऊन तसूतसूने सरळ करत. तो ओरडायचा, शिव्या द्यायचा, रडायचासुद्धा. “हलू नकोस रे बाळा,” एवढंच म्हणत त्या हात धरून ठेवत.

यंदाच्या उन्हाळ्यात तो परत उभा राहिला. आता कोपर गेलं तर स्क्रूड्रायव्हरही धरता येणार नाही, असं सर्जनने बजावलं होतं. समरला एकच हवं होतं: एक अख्खी मॅच, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत. त्या रविवारी वैजयंतीबाई मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. हात गळ्यात अडकवायची झोळी त्यांच्या पिशवीत तयार होती.

सुरुवात झकास झाली. मग समोरच्या टीमचा पिचर डीन, त्याचा चेंडू निसटला आणि मिहीरच्या जबड्यावर बसला. मिहीर समरचा शाळेपासूनचा दोस्त. तो आडवा झाला आणि मातीत त्याने रक्तासकट दोन दात थुंकले. डीनने लगेच हात वर करून माफी मागितली. समरने ते नीट पाहिलं.

पण या खेळात न लिहिलेला एक कायदा आहे. आपल्या माणसाला चेंडू लागला, की आपल्या पिचरने त्यांच्या माणसाला मारायचं. मांडीवर, पाठीवर, डोकं सोडून कुठेही. हे कुणी तोंडाने सांगत नाही. बाकावर समरच्या शेजारी कुणी बसेना, एवढंच झालं. तोंडाशी भिजलेला टॉवेल धरून मिहीरही त्याच्याकडे बघत होता. मारावं, तर अंपायर बाहेर काढणार आणि ती अख्खी मॅच गेली. न मारावं, तर आपल्याच लोकांत तोंड दाखवायची सोय नाही.

पुढे डीनच बॅट घेऊन आला. फेकायचा उजव्याने, पण बॅटिंग डावखुरी, त्यामुळे त्याचा उजवा हात समरच्या समोर. कंबरेखाली टाकायचा, असं समरने ठरवलं होतं, आणि खरंच ठरवलं होतं. पण हात मागे नेताना मातीतले ते दात दिसले, डोकं फिरलं, आणि चेंडू त्याने जीव खाऊन फेकला.

कडाड्. आवाज ओळखीचा होता.

दोन्ही टीम मैदानात घुसल्या. कुणीतरी समरची कॉलर धरून नाकावर गुद्दा हाणला, कुणी बरगडीत गुडघा घातला. त्याने उजवा हात पाठीमागे लपवला आणि सगळा मार तोंडावर घेतला. तेवढ्यात त्याला आई धावत येताना दिसली. पिशवीतून झोळी काढत ती आली आणि त्याला ओलांडून पुढे गेली.

डीन मातीत बसून किंचाळत होता. त्याचा हात भलत्याच बाजूला वळून लोंबत होता. वैजयंतीबाईंनी तो मांडीवर घेतला, झोळी बांधली आणि मान वर केली.

“मुद्दाम मारलंस?”

“रूल आहे, आई. माझी टीम बघत होती.”

“कोपर गेलंय याचं. हा पण पिचरच ना?”

समरने झोळीतल्या त्या हाताकडे पाहिलं. त्याला स्वतःची किळस आली. अंपायरने बाहेरचा रस्ता दाखवला, तसा तो चालू लागला. मागे डीन पुन्हा ओरडला, आणि आईचा आवाज आला, “हलू नकोस रे बाळा. स्टे स्टिल.”

समरच्या नाकातलं रक्त ओठांवर येत होतं. श्वास घेताना बरगडीत कळ उठत होती. कोपर मात्र जराही दुखत नव्हतं.