बंद मशीनवर लिहा

“मॅडम, ह्यात माझ्या मंजुरीचं कायतरी बसवा. मला दाखवल्याबिगर कुणाचा मेल पुढं जायला नको.”

मी तेव्हा टेबलाखाली होते, नेटवर्कची केबल हातात. वर खुर्चीत बसले होते द्राक्ष बागायतदार संघाचे चेअरमन. गाव तासगावच्या बाजूचं. मी सांगलीत राहते, ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा.

“तशी सेटिंग आहे,” मी खालूनच म्हणाले. “मॉडरेशन म्हणतात. पण ती मी लावणार नाही.”

“का बरं?”

“मला काम संघानं दिलंय. सगळ्या सभासदांना लिहिता यावं म्हणून.”

“संघ म्हंजे मीच की.”

संघाचे सेक्रेटरी भूपालअण्णा शेजारी उभे होते. ते हसू दाबत खिडकीबाहेर बघायला लागले.

मेलिंग लिस्ट म्हणजे सगळ्या सभासदांचा मिळून एक ईमेल पत्ता. त्यावर कुणीही मेल पाठवला की त्याची प्रत प्रत्येकाला जाते. संघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होताच, पण त्याचे अ‍ॅडमिन चेअरमन, आणि त्यांचं स्वतःचं शेतीऔषधांचं दुकान. मागच्या हंगामात सभासद शकीलभाईंची द्राक्षं एक्स्पोर्टला निघाली आणि लॅबमध्ये अडकली. मालात एका औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. चेअरमनच्या दुकानात सांगितलं होतं तसंच त्यांनी फवारलं होतं. त्यांनी ग्रुपवर एवढंच विचारलं, “आणखी कुणाचं असं झालंय का?” थोड्याच वेळात मेसेज डिलीट आणि शकीलभाई ग्रुपबाहेर. ज्यांनी तो वाचलाच नव्हता त्यांनी तेच औषध मारलं. त्यांचाही माल परत आला.

हे अण्णांनी सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“दुसरा ग्रुप का काढत नाही?” मी विचारलं.

“गावात दोन तट पडले म्हणतील. आन तितं बी कुणीतरी अ‍ॅडमिन हुणारच की.”

पटलं. कमिटीत भांडून अण्णांनी मेलिंग लिस्टला मंजुरी मिळवली, आणि ऑफिसातला एक जुना डेस्कटॉप माझ्या ताब्यात आला. मी त्याची रॅम वाढवली, लिनक्स टाकलं, त्यावर मेल सर्व्हर आणि लिस्टचं सॉफ्टवेअर. ही सॉफ्टवेअरं सगळी फुकट मिळतात. इन्स्टॉल करणं सोपं होतं. अडलं पुढंच. पहिला टेस्ट मेल थेट स्पॅममध्ये गेला.

आयपी म्हणजे इंटरनेटवरचा घरनंबर. रिव्हर्स डीएनएस म्हणजे त्या घराच्या दारावरची पाटी. पाटी नसेल तर मोठ्या मेल कंपन्या त्या घरातून आलेल्या मेलवर विश्वास ठेवत नाहीत. पाटी लावून देणार ब्रॉडबँडवाले.

“मॅडम, हे आजवर कुणी मागितलंच नाही.”

“आता मागितलंय.”

पाटी लागेपर्यंत मी रोज फोन केला. शेवटी माझा नंबर दिसला की ते आधीच सॉरी म्हणायचे.

मग सभासदांचे ईमेल पत्ते मागवले. बघते तर निम्म्या लोकांचा पत्ता एकच, चेअरमनच्या दुकानाचा! अनुदानाचा फॉर्म भरताना ईमेल लागतो, म्हणून दुकानातूनच तो टाकून दिलेला. म्हणजे आमचे मेल तिथंच जाऊन पडले असते. मी आणि अण्णांनी ऑफिसात ठाण मांडून एकेकाला स्वतःचा पत्ता काढून दिला. पासवर्ड कुणालाही सांगू नका म्हटलं की लोक विचारायचे, “तुमाला बी न्हाई?”

“मला तर अजिबात नाही.”

लिस्ट सुरू झाली. चेअरमनही सभासद, त्यामुळे तेही लिस्टवर. शकीलभाईंनी चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं की रविवारी लॅबचा रिपोर्ट जोडून सगळ्यांना मेल लिहिणार. शनिवारी संध्याकाळी अण्णांचा फोन आला.

“मॅडम, चेअरमननी कॉम्प्युटर बंद केला. हापिसाला कुलूप. म्हणं लाईटबिल लय येतंय. शकीलचं आता कसं?”

मला आधी राग आला, मग हसू.

“त्यांना म्हणावं, बिनधास्त लिहा. सगळ्यांनाच सांगा, लिहा.”

“बंद मशीनवर?”

“बंद मशीनवरच.”

समोरचा सर्व्हर बंद दिसला म्हणून मेल कंपनी मेल फेकून देत नाही. स्वतःकडे ठेवते आणि थोड्या थोड्या वेळानं परत येऊन दार वाजवते. असं काही दिवस चालतं. चेअरमनना हे ठाऊक नव्हतं. मी कशाला सांगायला जाऊ?

सोमवारी सकाळी सभासद ऑफिससमोर जमले, मीही पोचले. चेअरमननी सगळ्यांदेखत कुलूप काढलं, स्वतः बटण दाबलं, थोडा वेळ थांबले.

“घ्या, केला चालू. कुटं हाय तुमचा मेल?”

शकीलभाई माझ्याकडे बघायला लागले.

“चहा सांगा,” मी म्हणाले.

चहा आला, संपला. काही नाही. चेअरमन खुर्चीत रेलून हसत होते. मी केबल नीट बसलीय का ते पुन्हा बघितलं. कुठं काही चुकलं तर नाही ना?

“आवं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं ऱ्हातंय व्हय?” अण्णा म्हणाले. पण आवाज त्यांचाही बारीक झाला होता.

आणि एक फोन वाजला. चेअरमनचाच. मग शकीलभाईंचा, मग अण्णांचा, मग खोलीभर. आधी शकीलभाईंचा रिपोर्ट. त्यामागोमाग बाकीच्यांचे मेल, ‘माझाही माल ह्याच औषधानं परत आला.’ शनिवार संध्याकाळपासून माणसं बंद मशीनवर लिहीत राहिली होती.

“मॅडम, डिलीट करा हे,” चेअरमन म्हणाले.

“सगळ्यांच्या फोनवर पोचलंय. आणि करता आलं असतं तरी केलं नसतं.”

त्या हंगामात ते औषध गावात कुणी मारलं नाही. वार्षिक सभेत चेअरमननी मॉडरेशनचा ठराव मांडला. ठरावाला पाठिंबा द्यायला एक अनुमोदक लागतो, आणि तो आजवर त्यांना न शोधता मिळायचा.

“अनुमोदक?” अण्णांनी विचारलं.

पुढच्या रांगेतले अहवालाची पानं चाळायला लागले.

“अनुमोदक कोण हाय का?”

शकीलभाई हाताची घडी घालून बसले होते. त्यांच्या रांगेतले सगळे तसेच. अण्णांनी शांतपणे पुढचा विषय घेतला. धडा म्हणाल तर एवढाच की ऑफिसच्या कुलपाची दुसरी किल्ली करून ठेवावी. पुढचा चेअरमन कसा निघेल, सांगता येत नाही.