दिन्या लंडनले गेला हाये

एका गल्लीत दोन पायलट असले की किस्से शोधावे लागत नाहीत, गवार तोडता तोडता टोपलं भरावं तसे आपोआप भरतात! अमरावतीजवळच्या भातकुली गावात, आमच्या गल्लीत आम्ही दोघं. मी दिनेश, आणि समोरच्या घरातला नितीन. ट्रेनिंग एकत्र केलं. मग तो मोठ्या विमानावर लंडनला जायला लागला, आणि मी नागपूर बेसवर, पंख्याच्या छोट्या विमानावर. खोटं कशाले बोलू, जळतो मी!

*

त्याचं एक लांबचं उड्डाण, मग हॉटेलात दोन दिवस आराम. माझी एका दिवसात चार उड्डाणं, चारदा तेच "नमस्कार, स्वागत आहे." एकदा इंदूरला पुढच्या उड्डाणाआधी कॉकपिटमध्येच घाईघाईनं पोहे कोंबत होतो. नितीनचा फोटो आला. नदीकाठी कॉफी! खाली लिहिलं होतं, "बोर होऊन राह्यलं यार."

दोन दिवस ब्लॉक केला त्याला!

*

अकोल्याला मुलगी पाहायला गेलो. तिच्या वडिलांनी विचारलं, "कुठवर नेता विमान?"

"हैदराबाद, इंदूर."

"आन् तो तुमचा दोस्त लंडनले नेते म्हणे?"

"हो."

त्यांनी जरा विचार केला. "मंग तुमी पुढं काहून नाही जात? तेल पुरत नाही काय?"

जमलं नाही ते लग्न.

*

एकदा सुटीत घरी जेवत होतो. लंडनहून नितीनचा व्हिडिओ कॉल. रातभर झोप नव्हती त्याला.

"काय जेवून राह्यला बे?"

"भाकर, वांग्याची भाजी, ठेचा."

"फोन तसाच ठेव. तू जेव."

शेवटच्या घासापर्यंत पाहत बसला. मग म्हणाला, "साल्या, मजा तं तुही हाये!" मला वाटलं, जखमेवर मीठ चोळतोय.

*

मग कंपनीनं मला विचारलं, मोठ्या विमानावर येता का? कळवायला महिन्याची मुदत. मी आईला फक्त फोनवर सांगितलं. नितीनची आई, सुमनकाकू, त्यानं दिवाळीला आणलेली चॉकलेटं गल्लीत अजून पुरवून पुरवून वाटायच्या, आणि आमची आई ती तोंड वाकडं करून खायची. तिनं त्याच दिवशी गल्लीभर करून टाकलं, "आमचा दिन्याबी लंडनले लागला!"

झालं! सुटीला घरी पोचलो, तर आईनं हात धरून आत ओढलं. "बाहीर निंगू नको. तू लंडनले हायेस!"

त्या महिन्यातल्या सगळ्या सुट्या मी आतल्या खोलीत काढल्या, पंखा लावून.

मुदतीचा शेवटचा दिवस. मोबाईलवर 'हो' लिहून तयार होतं, नुसतं पाठवायचं बाकी. तेवढ्यात ओसरीवर सुमनकाकूंचा आवाज आला. आई मेथी निवडत होती. मी दाराआड.

"दिन्या कुठी हाये?"

"लंडनले," आई म्हणाली.

काकूंनी एक जुडी ओढून घेतली, निवडायला बसल्या.

"बाई, तुह्या लंडनवाल्याच्या चपला दर सुटीले दारात दिसतात. माह्यावाल्याच्या दिवाळीपासून नाही दिसल्या. कोन्ती कंपनी हाये वं ती?"