फुकटाला भिणारे मामा

आमच्या सायखेड्याच्या मामांइतका संशयी माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही, आणि सापडलाच तर मामा त्याच्यावरही संशय घेतील. टोमॅटो-कोथिंबीर पिकवून नाशिकच्या बाजारात विकणारा हा माणूस नुकसान हसत सोसतो. फुकट काही मिळालं की मात्र त्याची झोप उडते. लग्नात जिलेबीचा दुसऱ्यांदा आग्रह झाला की मामा ताटावर आडवा हात धरतात. "आग्रह हाय म्हणजे उरलीय, अन् उरलीय म्हणजे कायतरी बिघडलंय." पतसंस्थेनं दिलेलं कॅलेंडर घरी आलं तसं गोठ्यात गेलं. "भिंत आपली अन् जाहिरात त्यांची, असं कसं?" तेव्हापासून मामी शेजारणीला तिथी विचारून उपास धरतात.

अशा माणसाच्या पोटी तेजू जन्मली. पोरगी हुशार निघाली आणि डोंगरातल्या एका बड्या निवासी शाळेची परीक्षा पास झाली. तिथं कारखानदारांची पोरं शिकतात; फी ऐकून मीच खाली बसले. पण घरची ऐपत नसेल तर शाळा सगळी फी माफ करते, हे मी मोठ्या उत्साहानं मामांना सांगायला गेले आणि फसले. मामांचे डोळे बारीक झाले. "माफ? का बरं?" मी म्हटलं, अहो, इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठमोठ्या शाळाही असंच करतात, बापाची कमाई बघून फी ठरवतात. "म्हणजे गिऱ्हाइकाची चप्पल पाहून भाव सांगायचा. मी कोथिंबिरीचा तसा सांगितला तर लबाड, अन् त्यांनी सांगितला तर शाळा?" तेजू बिचारी कोपऱ्यात बसून आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला तिथं जायचंच होतं आणि माफीशिवाय जाणं शक्य नव्हतं, हे गोठ्यातल्या म्हशीलाही कळत होतं.

हो-नाही करत मामा कबूल झाले, पण शाळेच्या एक मॅडम घर बघायला येणार म्हटल्यावर पुन्हा बिथरले. आमच्याकडे पोरीच्या घरी कुणी 'बघायला' येतं ते एकाच कामासाठी, आणि त्या दिवशी अख्खी गल्ली आपलं सामान उसनं देते. मी नाशिकहून पोचले तर ओट्यापुढे नवा ट्रॅक्टर, आत सोफा आणि भिंतीला हा मोठा फ्रिज. म्हटलं, "मामा, आपली ऐपत नाही हेच त्यांना बघायचंय."

"उघडं पडलं की समोरचा डोक्यावर बसतो, भाचीबाई. आधी आब, मग माफी."

मॅडम सोफ्यावर बसून खोलीभर नजर फिरवू लागल्या. त्यांचा चेहरा काही मला ठीक वाटेना. एवढ्यात शेजारच्या काकू आल्या, कुणाला न विचारता फ्रिज उघडला आणि "माझं विरजण राह्यलं बाई आत" म्हणत भांडं घेऊन गेल्या. मग तेजूच उठली. "फ्रिज काकूंचा आहे, मॅडम. सोफापण. ट्रॅक्टर पलीकडच्या आबांचा. पप्पांना वाटलं, स्थळ बघायला येतात तसंच असतं हे."

मॅडमनी हातातल्या कपाकडे बघितलं. "आणि हा कप?"

"कप आमचेच हायेत," मामा खाली मान घालून म्हणाले.

फी माफ झाली. गल्लीनं पेढे खाल्ले, मामांनी खाल्ले नाहीत. "खोटं पकडलं, तरी माफी? कुठंतरी पाणी मुरतंय. वसूल करतील बघ."

दिवाळीला तेजू घरी आली. मामांनी तिच्या ताटात भाकरी वाढली तर ती सहज म्हणाली, "थँक्यू, पप्पा." मामांचा हात तिथंच थांबला. ती हात धुवायला गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "ऐकलंस? घरातल्या घरात आभार. पाहुणी झाली पोर. मी म्हणलं नव्हतं, फुकट कुणी देत नाय?" मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

परवा गेले तेव्हा तेजू शाळेत परतली होती. मामांच्या त्या कोऱ्या भिंतीवर, अगदी मधोमध, शाळेनं फुकट पाठवलेलं कॅलेंडर टांगलं होतं, वर शाळेचं नाव ठळक अक्षरात.

"काय मामा, भिंत आपली ना?" मी चिडवलं.

खिळा पक्का आहे की नाही ते चाचपत मामा म्हणाले, "तिच्या सुट्ट्या त्याच्यातच हायेत."