मापाचा ब्लाऊज

महाडात सरोजकडे शिवायला येणारी बाई सहसा टेपसमोर उभी राहत नाही. ती कापडाच्या पिशवीत एक जुना ब्लाऊज कोंबून आणते आणि सांगते, ‘याच्या मापानं शिव.’ तो मापाचा ब्लाऊज. आसपासच्या गावांतून तर बाई येतच नाही, मिनीडोर रिक्षाने बाजाराला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती नुसता ब्लाऊज येतो. अंगाला टेप लावून घ्यायची म्हटलं की आपल्याकडच्या बायकांना जी लाज वाटते, ती विचारू नका! सरोज माहेरी पोलादपूरला आत्याच्या मशीनवर शिवण शिकली ती हेच बघत. लग्न होऊन महाडात आली, चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढलं, तरी ब्लाऊजावरून ब्लाऊज बेतणं सुटलं नव्हतं.

यंदा मात्र तिने लॅपटॉपवर कटिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. मापं भरली की पाठ, पुढचा भाग, बाही सगळं आखून मिळतं. ते कागदावर छापायचं, कागद एकमेकांना चिकटवायचे आणि कापडावर ठेवून कात्री चालवायची. नवरा दीपक कौतुकाने बघत बसायचा. सासूला, साळूबाईंना, ही सगळी थेरं वाटायची.

“हात चांगला चालतोय तुझा, मग ह्या डब्याला कशाला विचारायचं?” त्या म्हणायच्या.

“हाताला अंदाज कळतो, आई. मला अंदाज नको, नेमकं हवं.”

पहिलं मोठं काम आलं दासगावच्या बायकांचं. गौरीपुढे फेर धरणारं त्यांचं मंडळ, सगळ्यांना एकसारखे हिरवे ब्लाऊज हवे होते. मंडळाची म्होरकी तुळजाबाई गाठोडं घेऊन आली. गाठोड्यात अर्थात मापाचे ब्लाऊज. सरोजने एकेक ब्लाऊज मोजला, आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले, मन लावून शिवले आणि धाडून दिले.

आठवडा उलटायच्या आत तुळजाबाई गाठोड्यासकट परत दारात.

“सरोज, ह्ये ब्लाऊज हायत का गोणपाटं? एकीच्यात दोघी शिरतील. हात वर केला का खांद्यावरनं घसरतायत. गौरी तोंडावर आल्या, आता आमी काय घालायचं गो?”

सरोजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून साळूबाईंचं खाकरणं ऐकू आलं. ते खाकरणं काय म्हणत होतं, ते कुणी फोड करून सांगायला नको होतं. “मला थोडी मुदत द्या, काकी,” एवढंच ती कशीबशी म्हणाली.

तुळजाबाई गेल्यावर तिने आधी लॅपटॉपला मनसोक्त शिव्या घातल्या. मग जुना आणि नवा अशा जोड्या लावून सगळे ब्लाऊज जमिनीवर पसरले आणि टेप घेऊन बसली. बघते तर प्रत्येकीचा नवा ब्लाऊज जुन्यापेक्षा छातीत सारखाच ढगळ आणि कमरेतही सारखाच. सॉफ्टवेअर चुकलं असतं तर इतकं शिस्तीत चुकलं नसतं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सॉफ्टवेअर मागत होतं अंगाचं माप. श्वास घ्यायला, हात हलवायला लागणारी सैल ते आपणहून वाढवत होतं. तिने भरलं होतं ब्लाऊजचं माप, ज्यात शिवणाऱ्याने ती सैल आधीच सोडलेली होती. सैलीवर सैल चढली.

एकट्या तुळजाबाईचं गणित मात्र जुळेना. तिचा नवा ब्लाऊजही छातीत ढगळ होता, पण मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तिथे, तो सरोजच्या अनुभवी नजरेला भलताच अरुंद वाटला. असला मुंढा त्या दणकट बाईला होणार कसा?

“गप जुन्या रीतीनं शिवून दे नि मोकळी हो,” साळूबाई म्हणाल्या. “बायका आंगाला टेप लावू देतील तर माझं नाव बदल.”

“मग नवं नाव शोधून ठेवा, आई. मी दासगावला निघाले.”

सरोज हट्टाला पेटली की तिच्या घरात कुकरसुद्धा दबकत शिट्टी देतो. तिला पक्कं ठाऊक होतं, हे ब्लाऊज आत्ता बसले नाहीत तर तिचा लॅपटॉप पंचक्रोशीत थट्टेचा विषय होईल आणि पुन्हा एकही बाई तिच्या टेपसमोर उभी राहणार नाही.

तुळजाबाईच्या पडवीत फेराची तालीम चालली होती. सरोजने टेप काढली तशा बायका पदर सावरत मागे सरल्या.

“गुरांच्या बाजारात आलीस काय आमची आंगं मोजायला?” तुळजाबाई कडाडली.

सरोज जागची हलली नाही. तिने टेप तुळजाबाईच्याच हातात दिली, आतल्या खोलीत गेली आणि पदर काढून हात पसरून उभी राहिली. “आधी माझं माप घ्या. मोठ्यानं वाचा. मलाही लाज वाटतेच की.”

पडवीत एकदम हसू फुटलं. तुळजाबाईने सरोजच्या कमरेला टेप गुंडाळली आणि आकडा सगळ्या आळीला ऐकू जाईल असा वाचला. “जेवतेस चांगली गो!” कुणीतरी ओरडलं. सरोजचे कान तापले, पण ती उभी राहिली. त्यानंतर एकेक बाई लाजत, एकमेकींना ढकलत आत आली. दार लोटलं गेलं आणि मापं झाली.

राहिली तुळजाबाई. “माझं नको. माझा मापाचा हाय ना तुझ्याकडं.”

“काकी, तो ब्लाऊज तुमचा नाही.”

तुळजाबाईने लोटलेल्या दाराला कडी घातली. मग म्हणाली, “जावेचा हाय. मी नवी नवरी आले तवा सासूनं तिचाच दिला मापाला. त्याच्यावरनं दुसरा शिवला, दुसऱ्यावरनं तिसरा. जाऊ गेली बिचारी, तिचं माप ऱ्हायलं माझ्याकडं.”

जाऊ चणीने नाजूक होती म्हणे. तुळजाबाईचे खांदे भातशेतात चिखलणी करून आणि भारे वाहून रुंद झालेले, दंड भरलेले. सरोजने टेप लावायला हात उचलायला सांगितला, तर काखेपाशी काळा, जुना वळ दिसला. आयुष्यभर शिवण तिथे रुतत आली होती. सरोजला त्या क्षणी इतका राग आला की टेपवरचा आकडा तिला दोनदा वाचावा लागला. राग कुणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. इतक्या शिवणाऱ्यांच्या हातून तो ब्लाऊज गेला, त्यांत तीही होतीच.

घरी येऊन तिने सगळी मापं नव्याने भरली. कापड पुन्हा आणलं. या खेपेला कात्री चालवण्याआधी प्रत्येक कागद मापाशी ताडून पाहिला. साळूबाईंनी स्वयंपाक आपल्याकडे घेतला आणि संध्याकाळी हुक लावायला शेजारी येऊन बसल्या.

गौरी यायच्या आदल्या दिवशी सरोज स्वतः ब्लाऊज घेऊन दासगावला गेली. बायकांनी ते घातले, वाकून बघितलं, गिरक्या घेतल्या. एकीचाही खांद्यावरून घसरला नाही. सरोजचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच, कारण तुळजाबाई अजून आतच होती.

ती बाहेर आली. पडवीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने सावकाश दोन्ही हात डोक्यावर नेले. काखेत काही रुतलं नाही. तिने हात खाली घेतलेच नाहीत, तशीच उभी राहिली. डोळे भरून आले होते.

“एवढी वर्सं,” ती म्हणाली, “ब्लाऊज चुकीचा असंल असं मनातच आलं नाय गो. मला वाटायचं, माझंच आंग वाकडं हाय.”