माघारी घेतलेली दवंडी

वर्गाच्या खिडकीबाहेर माझा बाप उभा होता. एका हातात पितळेची थाळी, दुसऱ्या हातात काठी. त्यानं थाळी वाजवली आणि ओरडून सांगितलं, "ऐका हो ऐका. काल हापश्याचं बोललो ते माझं बोलणं. गावाचं न्हाई. ते मी माघारी घेतो."

मी चौथीत होते. गुरुजींचा हात फळ्यावर थांबला. मागच्या रांगेतल्या संतोषनं डब्याच्या झाकणावर पट्टी वाजवली. "माघारी घेतो, माघारी घेतो." वर्ग हसला. गुरुजीही हसले, मग म्हणाले, "गप बसा." मी आधीपासूनच गप्प होते.

बापानं खिडकीतून आत पाहिलं नाही. तो पुढच्या गल्लीत गेला. तिथून पुन्हा थाळी ऐकू आली. पुन्हा तेच शब्द.

नव्वदीची पहिली वर्षं होती. शिरड शहापूरच्या अलीकडचं आमचं गाव. बाप गावचा कोतवाल. आजोबांनी बौद्ध झाल्यावर गावकीची कामं सोडली होती, हलगी घराबाहेर काढली होती. बापाची कोतवालकी सरकारी, तलाठ्याच्या हाताखालची. तीत दवंडी द्यावी लागे. हलगीला हात लावणार नाही, एवढं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून थाळी. त्याचा आवाज मोठा होता. शेतसारा, लसीकरण, हरवलेली म्हैस, कालव्याला सुटणारं पाणी, सगळं गावानं त्याच्या आवाजात ऐकलं. आवाज त्याचा, सांगणं दुसऱ्याचं.

त्या आठवड्यात तहसीलदार येणार होते. बापाला दिलेली दवंडी अशी होती: "उद्या चावडीवर तहसीलदार साहेब येणार हायेत. ज्याची तक्रार असंल त्यानं यावं." बापानं ती दिली आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं. "बौद्ध वस्तीतला हापसा उन्हाळ्यापासून बंद हाय."

वाक्य खरं होतं. हापसा बंद आहे हे गावात कोणी नाकारलं नाही.

संध्याकाळी सरपंचांनी त्याला त्यांच्या दुकानापुढं बोलावलं. ते ओट्यावर बसले होते. बाप खाली उभा. सरपंच म्हणाले, "तोंड तुझं असंल. दवंडी गावाची हाय. जिथं जिथं बोललास तिथं तिथं जा आन् माघारी घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावभर फिरला. दुपारी तहसीलदार आले. तक्रार कोणाचीच नव्हती.

त्यानंतर बापानं बरीच वर्षं दवंडी दिली. सांगितलं तेवढंच. त्याहून एक शब्द जास्त नाही.

मी शिकले. हिंगोलीत एका दैनिकाच्या कार्यालयात लागले. आधी टायपिंग, मग बातमीदारी. तिथल्या जुन्या उपसंपादकाची एकच शिकवण होती: पाहिलं का, विचारलं का, मग लिहा. मी तसं लिहायला लागले. विशेषणं आपोआप गळाली.

तेव्हा गावोगावची शिकलेली पोरं इंटरनेटवरच्या एकाच साइटवर जमत होती. हिंगोलीच्या सायबर कॅफेत त्यासाठी रांग लागायची. आमच्या गावाच्या नावाचाही एक ग्रुप होता. तो काढणारा संतोष, मागच्या रांगेतला. सरपंचांचा पुतण्या. आता पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत. सरपंचपद कागदोपत्री काकांच्या सुनेकडं आलं होतं. कारभार काकांकडंच होता.

गाव सोडून गेलेले सगळे त्या ग्रुपवर होते. पुण्याचे, औरंगाबादचे, नांदेडचे. गावात राहणारी पोरं हिंगोलीला आली की डोकावून जायची. मीही होते. मला कोणी अडवलं नव्हतं. गावातल्या एखाद्या जागी न विचारता बसण्याची माझी ती पहिली वेळ.

एके दिवशी संतोषनं नव्या पाण्याच्या टाकीचे फोटो टाकले. खाली लिहिलं, "आपल्या गावात आता घरोघर नळ." खाली अभिनंदनांची रीघ लागली. सिद्धेश्वरचं पाणी गावात आलं, आता सुट्टीत यायला मजा येईल, असं एकानं लिहिलं.

मी रविवारी गावी गेले. माय डोक्यावर हंडा घेऊन कालव्याकडच्या विहिरीवरून येत होती. पाइप रस्त्यापर्यंत आला होता. रस्त्याच्या अलीकडं नळ, पलीकडं आमची वस्ती. ग्रामसेवकाला विचारलं. तो म्हणाला, "वस्ती दुसऱ्या टप्प्यात हाय."

"दुसरा टप्पा मंजूर आहे?"

"अजून न्हाई."

बातमी केली. आमच्या दैनिकात ती आली नाही. त्या दिवशी टाकीच्या उद्घाटनाची जाहिरात होती, अर्ध्या पानाची.

मग ग्रुपवर लिहिलं. "रस्त्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत नळ आलेला नाही. वस्तीतून टाकी दिसते. दुसरा टप्पा अजून मंजूर नाही, असं ग्रामसेवक सांगतात."

दुसऱ्या दिवशी ते तिथं नव्हतं. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा गेलं. फळा पुसला तर खडूची पूड तरी खाली पडते. इथं मजकुराच्या वर आणि खाली जे होतं ते सरकून जवळ आलं होतं. मधे काही होतं, हे कोणाला कळलंही नसतं.

संतोषचा फोन कार्यालयात आला.

"ताई, राग मानू नको. ग्रुपचा नियम हाय. जातीवाचक लिहायचं न्हाई."

"जातीवाचक काय लिहिलं मी?"

"बौद्ध वस्ती."

"मग वस्तीला काय म्हणू?"

"म्हणायचंच कशाला? समदं गाव एक हाय."

वस्तीला नळ न देणं जातीयवादात बसत नव्हतं. नळ नाही हे सांगताना वस्तीचं नाव घेणं बसत होतं. मी विचारलं, "माहिती चूक आहे का?"

"चूक-बराबरचा सवालच न्हाई गं. ग्रुप मी काढला. तो काय सरकारी हाय का? माझ्या घरात येऊन कोणी कायबी बोलंल, तर ऐकून घेऊ?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "एक काम कर. गैरसमज झाला, माघारी घेते, एवढं टाक. मी काकांशी बोलतो. वस्तीची लाइन टाकून देऊ. तुझ्या मायची तकलीफ जाईल."

त्याला चौथीचा वर्ग आठवत होता की नाही, मला माहीत नाही. आवाजात खोच नव्हती. तो खरोखरच मदत करतोय अशा सुरात बोलत होता.

मी साइटच्या कंपनीकडं तक्रार पाठवली. उत्तर इंग्रजीत आलं. ग्रुप ज्यानं काढला, त्यात काय ठेवायचं हा त्याचा अधिकार, असा अर्थ. खाली माणसाचं नाव नव्हतं. माझा मराठी मजकूर तिकडं कोणी वाचला होता का, हे विचारायला जागा नव्हती. तहसीलदार निदान गावात यायचे.

पुढच्या रविवारी घरी सांगितलं. बाप बाजेवर बसला होता. निवृत्त झालेला. ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणाच्या ओट्यावर लिवलं व्हतंस?"

"संतोषच्या."

"मंग? ज्याचा ओटा, त्याचा झाडू."

"आबा, ओटा त्याचा पण जागा त्याची नाही. जागा परदेशातल्या कंपनीची."

बाप हसला. "म्हंजी त्योबी कूळच हाय."

माय सुपात तूर निवडत होती. ती म्हणाली, "हसा. बापलेकीच्या बोलण्यापायी माझी टाळू घासली. टाकून दे की दोन शब्द. शब्दाला काय हंडा उचलावा लागतो?"

मी टाकणार होते. हिंगोलीला पोचल्यावर काय लिहायचं, ते मनात जुळवतही होते. त्या घरात पाणी मी आणत नव्हते, माय आणत होती. माझ्या वाक्याची किंमत तिच्या मानेनं द्यायची, हे मला पटत नव्हतं.

बापानं बाजेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाला, "मलाबी तेच म्हनले व्हते."

"काय?"

"माघारी घे. हापसा नीट करून देतो."

मायचे हात सुपात थांबले. तिलाही हे माहीत नव्हतं.

हापसा कधीच दुरुस्त झाला नाही. पुढं कोणी त्याचा दांडा काढून नेला. राहिलेल्या लोखंडाला दोरी बांधून वस्तीतल्या बाया कपडे वाळत घालायच्या. मीही घातले आहेत.

"तुमी कधी सांगितलं न्हाई, आबा," मी म्हणाले. घरी आले की माझी बोली परत येते.

"कसं सांगू? थाळी वाजवून?"

हिंगोलीला आल्यावर कॅफेत बसले. ग्रुप उघडला. लिहिण्याच्या चौकटीत टाइप केलं: गैरसमज झाला, माघारी घेते. वाचलं. वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. गैरसमजही नव्हता. मी ते खोडलं आणि जुना मजकूर पुन्हा टाकला. जसाच्या तसा. "बौद्ध वस्ती" या शब्दांसकट.

नंतर गेले तेव्हा माझं खातंच उघडेना. पासवर्ड बरोबर होता. ग्रुपमधल्या अनेकांनी तक्रारीचं बटण दाबलं, असं गावातल्या एका पोरानं सांगितलं. कोणी दाबलं, त्याला सांगता आलं नाही. बटण दाबणारे माझ्या ओळखीचेच असणार. काहींच्या बहिणींबरोबर मी शाळेत गेले होते. माझं सगळं लिहिलेलं गेलं आणि कोणाचा आवाज आला नाही. चौथीच्या वर्गात निदान हसणं ऐकू आलं होतं.

मला कोणी मारलं नाही. पोलीस आले नाहीत. हिंगोलीच्या रस्त्यावर उभं राहून मी काहीही ओरडू शकत होते. फक्त आमचं गाव जिथं बसलं होतं, तिथं मला जागा नव्हती. त्यासाठी संतोषला एकही नियम मोडावा लागला नाही. कंपनीलाही नाही. ओट्यावर बसलेल्या सरपंचांनाही कधी लागला नव्हता.

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत निळी आहे. त्या दिवाळीला घरी गेले तेव्हा चुना भिजवला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बौद्ध वस्तीत नळ आलेला नाही. बापानं डबा धरला. माय हंडा घेऊन आली, थांबली. तिला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "काय लिवलं?" मी वाचून दाखवलं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "त्यानं पाणी येतं का?"

"नाही."

ती आत गेली. हंडा उतरवल्याचा आवाज आला.

लाइन आलेली नाही. त्या रस्त्यानं फार माणसं जात नाहीत, आणि जातात त्यांना आधीच माहीत आहे. ग्रुपवर जेवढ्यांनी वाचलं असतं, तेवढे या भिंतीपुढं कधी येणार नाहीत. हे मला कळतं. पावसात चुना उतरतो. मी येते आणि पुन्हा तेच लिहिते. एक शब्द कमी नाही.

वाक्य ज्या दिवशी खोटं ठरेल, त्या दिवशी मी स्वतः पुसेन. तोवर ते माघारी घेतलं जाणार नाही.