होळीच्या आठवड्यातली सात भोकं

धानोऱ्याकडच्या आमच्या दगडखाणीवर मी बावीस वर्षं सुपरवायझर आहे, आणि कॉम्प्युटरवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या हिवाळ्यात मालकांनी जाहीर केलं, "आता खाण आतून कशी आहे ते स्क्रीनवर फिरवून बघता येणार." माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. म्हटलं, हे दगड बघायला आणलेलं नाही, मला बघायला आणलंय.

ते बसवायला नाशिकहून एक भूगर्भशास्त्र शिकलेली मुलगी आली. सारखं "काका, काका", जिभेवर नुसती साखर. आल्या आल्या मागितलं काय, तर माझ्या बोअरच्या वह्या! आमच्याकडे नवीन जागा उघडण्याआधी भोकं पाडून बघतात, किती फुटांवर काळा दगड आहे आणि किती फुटांवर लाल मातीचा थर. हा लाल थर फार वाईट. पाणी लागलं की साबणासारखा निसटतो आणि वरचा अख्खा कडा खाली घेऊन येतो. म्हणून प्रत्येक भोकाची नोंद वहीत, खाली माझी सही. वह्या दिल्या, पण तिच्या शेजारीच खुर्ची टाकून बसलो. कुठल्या पानावर थांबते, फोटो कशाचा काढते, सगळ्यावर माझा डोळा. चहासुद्धा तिथंच मागवायचो.

तिच्यात काही खोट सापडेना, तेव्हा मी दुसरीकडे शोधायला लागलो. ड्रिलवरचा आमचा मुकादम सातपुड्यातला, खाणीवर माझ्याइतकाच जुना. एरवी ऑफिसची पायरी न चढणारा माणूस, पण त्या दिवसांत दोनदा दारात उभा राहून स्क्रीनकडे बघून गेला. ह्याला कशाला नसत्या चौकशा? तसा तो थोडा विक्षिप्तच. पूर्वेचा कडा जेमतेम दहा फुटी, पण दुपारी त्याखाली छान गार सावली पडते. हा आपल्या माणसांना तिथं भाकर खायला बसू देईल तर शपथ. उन्हात नेऊन बसवायचा. मी त्याच्याच बोलीत कितीदा चेष्टा केली असेल, "काय रे, तठे भूत शे का?" तो नुसता हसायचा.

महिन्याभरानं चित्र तयार झालं. मालक, मी, मुकादम, सगळे तिच्यामागे उभे राहिलो. तिनं माऊस हलवला आणि आमची खाण हवेत गिरकी घ्यायला लागली. काळ्या दगडाच्या मधून तो लाल थर गेलेला, पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीसारखा, कुठं उंच, कुठं दबलेला. खोटं कशाला बोलू, मी चाट पडलो. बावीस वर्षं माझ्या एकट्याच्या डोक्यात होतं ते सगळ्यांसमोर फिरत होतं. फक्त पूर्वेच्या त्या कड्यापाशी तो थर खोल आणि पाटासारखा सपाट दिसत होता.

"काका, ही जागा बघा ना! लाल थर चांगला तीस फुटांखाली आहे, आणि एकसारखा. पुढचं खोदकाम इथूनच करू."

मालक खूश. "सोमवारपासून मुकादमाची माणसं लावा तिथं," म्हणाले.

आणि मला एकदम आठवलं. तिथली सात भोकं कोणी पाडलीच नव्हती. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. होळीचा आठवडा होता, मुकादम आणि त्याची माणसं सातपुड्यात काठी गावच्या होळीला गेलेली. होळीला निघालेली ती माणसं साक्षात देव आडवा आला तरी थांबायची नाहीत. इकडे मालकांना नोंदी हव्या होत्या. मी एकट्यानं बसून शेजारच्या रांगेचे आकडे उतरवले, एखादा फूट इकडे, एखादा तिकडे. नंतर पाडून घेऊ म्हटलं, आणि ते नंतर काही आलं नाही. पुढं मी चक्क विसरून गेलो. ज्या यंत्रावर माझा विश्वास नव्हता, त्यानं माझ्यावर मात्र डोळे मिटून विश्वास टाकला होता.

मी मुकादमाकडे बघितलं. आता हा बोलणार, आता मला उघडा पाडणार. तो मात्र हातातलं हेल्मेट नुसतं फिरवत राहिला. सोमवारी खाली उतरणाऱ्यांत त्याचा सख्खा भाऊ होता.

"थांबा," मी म्हणालो. "त्या सात नोंदी खोट्या आहेत. मीच लिहिल्यात."

मालक काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. ती मुलगी खाली मान घालून वही बंद करत होती, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कंप्रेसर लावून पहिलं भोक पाडलं. सोळा फुटांवरच भोकातून लाल भुकटी उडाली. मुकादमानं ती चिमटीत धरून माझ्यासमोर केली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्या होळीहून परत आलो ना भाऊ, तवा येऊन बघितलं. एकबी भोक नव्हतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, बाबा?"

त्यानं बोटं पँटला पुसली. "वहीवर तुमनी सही व्हती. तिले खोटी कशी म्हनू?" मग कड्याखालच्या रिकाम्या सावलीकडे बघत म्हणाला, "पन मानसं तठे कशी बसाडू?"