गेरूत भिजवलेलं चाक

सायकलवर राजूर घाट चढून आलो, असं मी भर कॅफेत सांगितलं. प्रत्यक्षात आलो होतो मालवाहू ऑटोतून, वांग्याच्या पोत्यांवर बसून, सायकल आडवी धरून.

घाट संपला की बुलढाण्याच्या अलीकडे हा कॅफे लागतो. मालकाचं आधी पंक्चरचं दुकान होतं. आता एका बाजूला चहा-पोहे, दुसऱ्या बाजूला पंप, पाने आणि सायकली टांगायला लोखंडी आकडे. रविवारी सकाळी मोताळ्याकडून चढून आलेली मंडळी तिथं बसतात. मलाही त्या दिवशी खरंच चढायचं होतं. जावयाची सायकल, जावयाचंच हेल्मेट, असा मी मोताळ्याहून निघालोही. पण पहिल्या वळणाच्या आधीच डोळ्यांपुढं काजवे चमकले. तेवढ्यात धामणगाव बढ्याहून बाजारात माल घेऊन चाललेला ओळखीचा ऑटो थांबला, आणि मी नाही म्हणालो नाही. शेवटचं वळण ओलांडल्यावर उतरलो, बाटलीतलं पाणी तोंडावर, पाठीवर ओतलं आणि धापा टाकत आत शिरलो.

नवीन माणूस आला की मालक पाण्याचा ग्लास पुढं करतो आणि एकच विचारतो, "पाय कुठी टेकला?" म्हणजे चढताना दम तुटून कुठं थांबावं लागलं. त्यात लाज कसलीच नसते. कुणी दुसऱ्या वळणावर टेकलेला असतो, कुणी कठड्यापाशी. जो कुठंच टेकत नाही त्याच्या सायकलचं पुढचं चाक गेरूत भिजवून दाराजवळच्या पांढऱ्या भिंतीवर फिरवतात. तसे सहा-सात पट्टेच होते तिथं.

"कुठीच नाही," मी म्हणालो.

पहिल्या वळणावर, एवढंच म्हणायचं होतं. तेही खोटंच ठरलं असतं, पण पचलं असतं.

मंडळी उभी राहिली. मालकानं गेरूची बादली आणली, चाकाकडं पाहिलं. "टायर लय चकाचक हाये भाऊ."

"पुसलं."

"पुसलं?" तो एवढंच म्हणाला आणि चाक भिंतीवर फिरवलं. लालभडक पट्टा उमटला. मी त्याचा फोटो काढून जावयाला पाठवला.

कोपऱ्यात एक पोरगी बसली होती, सरकारी दवाखान्यात नर्स. आठ रविवार घाट चढत होती आणि आठही वेळा शेवटच्याच वळणावर तिचा पाय टेकला होता. आपली पोह्यांची प्लेट उचलून ती माझ्या टेबलाशी आली.

"काका, शेवटच्या वळणावर तुमी काय करता? माहा दम तिथंच तुटते."

इथं तरी गप्प बसावं की नाही? पण मी, ज्याला गिअर कोणत्या बाजूचा कुठला हेही धड ठाऊक नाही, म्हणालो, "हलक्या गिअरवर बसून राहायचंच नाही. पहिल्यापासून जड गिअर टाकायचा, उभं राहायचं अन् दणकवायचं."

तिनं इतक्या गंभीरपणे मान हलवली की मी आणखी एक प्लेट पोहे मागवले. घाट उतरलो मात्र सायकलवरच. उतारावर खोटं बोलावं लागत नाही.

पुढच्या रविवारी मी एसटीनं गेलो. सायकल दुरुस्तीला टाकलीय, ही सबब तयार होती. जायचं कारण काही नव्हतं; पट्टा पुन्हा पाहायचा होता, एवढंच. मी त्याच्याखालीच बसलो होतो, तेव्हा ती आली. सायकल हातात, एक पाय ओढत.

"पाय कुठी टेकला?" मालकानं विचारलं.

"तिसऱ्याच वळणावर. गुडघा गेला." मग तिनं मला पाहिलं आणि कसनुसं हसली. "काका, तुमी सांगतलं तसंच केलं. पण माह्यात तुमच्याएवढा दम नाही."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित निभावून नेलं असतं. पण ती माझी माफी मागितल्यासारखी बोलत होती. मग मी सांगितलं. ऑटो, वांगी, बाटलीतलं पाणी, सगळं. कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं.

मालक आत गेला. चुन्याची बादली आणि ब्रश आणून त्यानं माझ्यापुढं ठेवला.

"नाही तरी त्या दिवशी वाटलंच होतं मले," तो म्हणाला.

मी भिंतीशी उभा राहिलो. पहिल्या हातात पट्टा गेला नाही, फक्त गुलाबी झाला. दुसऱ्या हातातही दिसत राहिला. ती मागच्या खुर्चीत गुडघ्यावर ओलं फडकं धरून बसली होती. तिच्याकडं न बघताच म्हणालो, "पोरी, चुकलं माझं."

मी तिसरा हात मारायला घेतला. मग ती म्हणाली, "ते हेल्मेट तरी तुमचं होतं का काका?"